श्री अरविंदांची तीन सूत्रं आणि आमची सहावी: दहा महिन्यांचा अनुभव

मुलगा सहावीत. दशांश अपूर्णांक म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी. मी रोज रात्री समोर बसवून गणितं घालायचो, माझा आवाज चढायचा आणि सकाळी पाटी परत कोरी. गेल्या जूनमध्ये हे बंद केलं आणि श्री अरविंदांच्या शिक्षणविचारावर घरचा अभ्यास बेतला. आता मार्च आहे.

1910 मध्ये त्यांनी 'कर्मयोगिन्' साप्ताहिकात तीन सूत्रं मांडली. पहिलं, खऱ्या अर्थानं काहीच शिकवता येत नाही; शिक्षक फक्त वाट दाखवतो. दुसरं, मुलाच्या वाढीत मुलाच्याच मनाला विचारायचं. आणि तिसरं, जवळून सुरुवात करून लांब जायचं.

मी तिसऱ्यापासून सुरुवात केली. कोल्हापुरात पावसाळ्यात जवळचं म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे इथं पोराटोरांना पाठ असतं. त्याला आलेखाची वही दिली आणि रोजची पातळी मांड म्हटलं.

जुलैत एका संध्याकाळी तो वही घेऊन आला. "पप्पा, पाणी वाढाय लागलंय आणि माझी रेघ खाली कशी गेली?" बघितलं तर 39 फूट 9 इंच त्यानं 39.9 वर मांडलं होतं आणि 39 फूट 10 इंच 39.10 वर, म्हणजे 39.1 वर. उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. दोन दिवस तो वहीकडं बघत बसायचा. तिसऱ्या दिवशी आज्जीच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आला. "फुटात बारा इंच, दहा न्हाईत! म्हणून चुकलं." सगळे ठिपके खोडून त्यानं परत मांडले. मी जे महिनोन्‌महिने रट्टा मारून घेत होतो ते त्याचं त्यानं मिळवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

मग प्रश्न थांबेनात. शहरात ऊन पडलं तरी पाणी का चढतंय? कारण पाऊस गगनबावड्याला आणि राधानगरीला पडतोय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावती नदीतून इकडं येतं. पुढं नरसोबावाडीला कृष्णा, मग अलमट्टी, मग बंगालचा उपसागर. अख्खा भूगोल एका वहीतून आला.

मराठीबद्दलही सांगायला हवं. श्री अरविंदांना सातव्या वर्षी इंग्लंडला पाठवलं, वडिलांनी बंगालीपासून लांबच ठेवलं. 1893 मध्ये परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत त्यांना मातृभाषा नव्यानं शिकावी लागली. त्याच माणसानं लिहिलं की मुलाची पहिली ताकद मातृभाषेवर खर्च व्हावी. हे वाचल्यापासून पातळीची टिपणं मुलगा मराठीतच लिहितो, पूर्ण वाक्यांत. त्याच्या निबंधात पडलेला फरक कुणीही सांगेल.

अडचणीही आहेत. पहिल्या सूत्राचा मी सुरुवातीला चुकीचा अर्थ लावला आणि पाढे सोडून दिले. पंधरा ते वीसचे पाढे कच्चे राहिले ते अजून भरून काढतोय. पाठांतर लागतंच. इंग्रजी स्पेलिंगला नदी कामाची नाही. पहिल्या सहामाहीत गणिताचे गुण फारसे वाढले नाहीत, शाळेतून बोलणीही खाल्ली, कारण पेपरात ठराविक रीतच हवी असते. दुसरं सूत्र सगळ्यात अवघड आहे. मी त्याला चित्रकलेच्या वर्गाला घातलं होतं, त्याच्या मनाला न विचारता. डिसेंबरात विचारलं, तर त्याला तालमीत जायचं होतं. आता पहाटे साडेपाचला तो स्वतः उठतो.

खर्च काहीच नाही, पण संध्याकाळचा एक तास मोबाईल बाजूला ठेवून शेजारी बसावं लागतं, तेही गप्प. ज्यांना दोन महिन्यांत गुण हवेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांना मी मनापासून सांगेन, करून बघा.

परीक्षा संपली की नरसोबावाडीला जायचंय. पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा त्याला बघायची आहे, आणि टेप बरोबर घ्यायचा म्हणतोय.