एस्टीमची बॅटरी डिकीत नेली, त्याला दहा महिने झाले

गाडी २००६ची मारुती एस्टीम. पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, कारण विकायला गेलं तर भंगाराचा भाव आणि ठेवली तर सोसायटीत टोमणे. मी टोमणे पत्करले. रोजचा रस्ता ठाण्यातला घोडबंदर रोड, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, ऐरोली आणि पुढे तुर्भे एमआयडीसी. अंतर फार नाही, पण गाडी त्यात चालते कमी आणि एसी लावून उभी राहते जास्त. दर दीड वर्षाने बॅटरी मान टाकायची. तिसऱ्यांदा माजिवड्याच्या पुलाखाली धक्का मारायची वेळ आली, त्या रात्री ठरवलं की बॅटरी बॉनेटखाली ठेवायचीच नाही.

हौसही होती, नाही म्हणत नाही. जुन्या मिनीची बॅटरी डिकीत असायची, पहिल्या माझदा एमएक्स-५चीही, आणि बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांची अजूनही असते. त्यांचं कारण बहुतेक वजनाचा तोल. माझं कारण उष्णता. थंडीत बॅटरी कुरकुरते, पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ ठोकताळा आहे. ऑक्टोबर हीटमध्ये कापूरबावडीच्या सिग्नलवरून घरी येऊन बॅटरीच्या अंगाला थर्मामीटरची तार चिकटवली तर ५८ अंश. यंदा मेमध्ये त्याच रस्त्यावरून येऊन डिकीत मोजलं तेव्हा ४१. एवढ्या एका बाबतीत काम फत्ते झालं, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं वाचून मग ठरवा.

पहिला धडा केबलीने दिला. घराजवळच्या दुकानातून ‘कॉपर वेल्डिंग केबल’ म्हणून सहा मीटर आणली. उचलली तर हलकी लागली म्हणून एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत चांदीसारखी पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. नऊशे रुपये पाण्यात. मग मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात जाऊन खऱ्या तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली. एवढी जाड का, तर हिशेब सोपा आहे. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलीओहम. पाच मीटरला अडीच. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर ओढले गेले तर नुसत्या केबलीत ०.३७ व्होल्ट जातात. तेच १६ चौरस मिलिमीटरची घेतली असती तर ०.८ गेले असते, आणि जुन्या गाडीला सकाळी तेवढे पुरतात रुसायला.

बॅटरी साधी पाण्याची न घेता ३५ एएचची (अँपिअर-तासांची) एजीएम घेतली, म्हणजे जिच्यात अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि पाणी घालावं लागत नाही ती. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरे. एजीएममधून सहसा निघत नाही, पण जास्त चार्ज झाली तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून बाजूला नळीचं तोंड असलेलीच शोधली आणि ती नळी डिकीच्या तळातून बाहेर काढली. बायकोचा मूळ आक्षेप वेगळाच होता. “अहो, भाजीच्या पिशवीशेजारी अ‍ॅसिड?” तेव्हा वरून झाकणाचा प्लास्टिकचा डबाही आला. हा डबा भाजीपेक्षा जॅकच्या दांड्यासाठी जास्त गरजेचा आहे हे नंतर कळलं. तो दांडा दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

काम वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या वायरमनकडे केलं. माणूस हुशार, हात साफ, पण दोन गोष्टींवर आमची जुंपली. एक, फ्यूज. “काका, आजवर कुणाला लावला नाय. सेल्फच्या वायरला फ्यूज नसतोच.” बरोबर, पण ती वायर दीड हाताची असते. इथे पाच मीटर जिवंत तार सीटखालून, कार्पेटखालून, पत्र्याच्या भोकातून जाणार. कुठे घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका ठिकाणी ओतते, आणि तार लाल होते. २०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावायला लावला. दुसरी जुंपली ती ड्रिलवरून. ट्रे बसवायला त्याने सरळ डिकीच्या तळावर खूण करून ड्रिल टेकवलं. हात धरला. आधी गाडी जॅकवर घे, खाली वाकून बघ. पेट्रोलची टाकी आणि नळ्या, ब्रेकच्या नळ्या, सगळं तिथूनच फिरलेलं असतं. खूण चार इंच सरकली.

केबल पेट्रोलच्या नळीच्या विरुद्ध बाजूने, दाराच्या उंबरठ्याखालून नेली, आणि जिथे पत्रा ओलांडते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे तार घासू नये म्हणून कडी. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची बोल्टात बसणारी टोपणं, हातोडीने ठोकून नव्हे, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. बॉनेटखाली जुन्या जागी एक झाकणवाला पॉवर पोस्ट, म्हणजे प्लसच्या तारा जोडायचा खुंटा, बसवला. सेल्फची, अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणारा तो), फ्यूजबॉक्सची तार त्यावर एकत्र. बॅटरी डाव्या कोपऱ्यात, कारण उजवीकडे पुढे मी बसतो आणि मी काही हलका नाही.

सगळं जोडून चावी फिरवली. टर्र... टर्र... टर्र. वायरमन म्हणाला नवी बॅटरी चार्ज नसेल. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.७. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला सांगितला, तर ०.९ व्होल्ट. म्हणजे प्लसच्या तारेचा दोष नव्हता. वीज इंजिनकडून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परतते, ती परतीची वाट अडली होती. डिकीतला अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला! वरून घट्ट, चमकदार, दिसायला अगदी छान. बोल्ट काढून रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने पार पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली फासली. इंजिन ते बॉडी ही जुनी अर्थपट्टीही बदलली. वीस वर्षांची ती, हातात भुगा आला. पुन्हा मोजलं तेव्हा ०.१५. सेल्फ असा मारला की वायरमनच दचकला. बॅटरी हलवणं म्हणजे लोक प्लसची लांब तार समजतात. माझं अर्धं काम मायनसवर गेलं.

खर्च: बॅटरी ७,२००, केबल २,६००, फ्यूज-थिंबल-पोस्ट वगैरे ९००, ट्रे ७००, मजुरी ३,०००. एकूण १४,४००, वर ते पाण्यातले नऊशे. विमा कंपनीला फोटोसकट ईमेल करून ठेवला, पुढे वाद नको.

वजनाच्या तोलाबद्दल कुणी सांगेल तर हसा. बॅटरी जेमतेम दहा किलो, त्यात केबल, ट्रे, डबा मिळून चारेक किलो नवे आले. म्हणजे गाडी जड झाली. शिवाय पुढची चाकं ओढणारी गाडी, तिचं पुढचं वजन कमी करून मला काय मिळालं? काहीच जाणवलं नाही, ना वळणावर ना खड्ड्यात.

खड्ड्यांवरून आठवलं. गायमुख घाटात चार-पाचदा आपटल्यावर मागून खुडखुड येऊ लागली. ट्रेचे नट सैल. नायलॉनवाले नट आणि खाली मोठे वॉशर घातल्यापासून गप्प आहे. पावसाळ्यात मोठी फजिती झाली. जुलैमध्ये विटाव्याला पाण्यातून काढली तेव्हा उलट बरं वाटलं, बॅटरी मागे उंचावर होती. पण आठ दिवसांनी मायनसच्या बोल्टवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. मागच्या दिव्याचं रबर कडक झालंय आणि तिथून थेंब-थेंब पाणी थेट अर्थिंगवर. साफ केलं, सिलिकॉन भरलं, तरी दर रविवारी हात फिरवतो. चार्जिंग ठीक आहे: अल्टरनेटरवर १४.३, डिकीत १४.१.

आणि एकदा केबिनचा दिवा रात्रभर राहिला. वॉचमनने शेजाऱ्याची गाडी आणि जंपर आणून बॉनेट उघडलं आणि तिथेच थबकला. “साहेब, बॅटरी चोरली कोणी तरी!” पॉवर पोस्टवर लाल चिमटा, ब्लॉकवर काळा, मिनिटात सुरू. डिकीला खटक्याची तार आहे म्हणून बरं. विजेवर उघडणारी डिकी असेल तर बंद बॅटरी बंद डिकीत राहील, हे लक्षात ठेवा.

आता खरी गंमत. जूनमध्ये सर्व्हिसिंगला मेकॅनिकने विचारलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं, म्हणजे इंजिनातून धूर नेणाऱ्या तापत्या नळ्यांवरचं, उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच कुठंय? पाच-सहा वर्षांपूर्वी इंजिनचं काम झालं तेव्हा ते परत लागलंच नव्हतं. त्या गॅरेजला विसर पडला आणि मी कधी पाहिलं नाही. भंगारातून ३५० रुपयांत आणून बसवलं. बॅटरीच्या रिकाम्या जागी तार ठेवून मोजलं, नऊ अंश कमी, तेही जूनमध्ये. बायकोला अजून हा आकडा सांगितलेला नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्याने विचारलं, माझीही अशी करून देता का? त्याची गाडी सीएनजीची. डिकीत सिलिंडर, आणि शेजारी मी फ्यूज-टर्मिनल ठेवू? सरळ नाही म्हटलं आणि आधी मॅनिफोल्डचं कवच बघ म्हणून बॉनेट उघडायला लावलं. त्याचंही नव्हतं. रविवारी तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातोय. मीही जातोय बरोबर, मला मागच्या दिव्याचं रबर हवंय.