घरासाठी लेझर प्रिंटर: कॅननचा एलबीपी २९००बी की ब्रदरचा एचएल-एल२३२१डी?

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात जाऊन "घरी वापरायला साधा, ब्लॅक अँड व्हाइट लेझर दाखवा" म्हटलं की खोक्यावरचे तीन आकडे ऐकवले जातात: मिनिटाला किती पानं, किती डीपीआय (एका इंचात किती ठिपके) आणि महिन्याला किती पानांची क्षमता. घरगुती वापराचा निर्णय या तिन्हींपैकी एकावरही फारसा अवलंबून नसतो. ज्यांच्यावर असतो ते आकडे खोक्यावर नसतात, ते शोधावे लागतात. म्हणून दोन ओळखीचे प्रिंटर शेजारी शेजारी ठेवून बघू, आणि कुठला आकडा कुठे सापडतो तेही पाहू.

पहिला कॅनन एलबीपी २९००बी. दीड दशकाहून जास्त काळ वकिलांच्या टेबलावर, डीटीपीवाल्यांकडे आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा. दुसरा ब्रदर एचएल-एल२३२१डी. दोन्हींना फक्त यूएसबी, वायफाय नाही. म्हणजे मोबाइलवरून थेट प्रिंट काढायची असेल तर दोन्ही बाद.

| | कॅनन एलबीपी २९००बी | ब्रदर एचएल-एल२३२१डी |
|---|---|---|
| वेग (ए४) | मिनिटाला १२ पानं | मिनिटाला ३० पानं |
| पाठपोट छपाई | हाताने पानं उलटून | आपोआप |
| ट्रे | १५० कागद, उघडा | २५० कागद, बंद ड्रॉवर |
| मेमरी | २ एमबी | ८ एमबी |
| टोनर | ३०३, सुमारे २००० पानं | टीएन-२३६५, सुमारे २६०० पानं |
| ड्रम | टोनरच्या कार्ट्रिजमध्येच | वेगळा, डीआर-२३६५, सुमारे १२,००० पानं |

वरच्या चार ओळी बघून ब्रदर सरळ सरळ जिंकला असं वाटेल. खरी गंमत खालच्या दोन ओळींत आहे.

कॅननच्या ३०३ कार्ट्रिजमध्ये टोनरची पूड, ड्रम (ज्यावरून पूड कागदावर उमटते तो दंडगोल), ब्लेड, रोलर सगळं एकाच डब्यात असतं. डबा बदलला की प्रिंटरचा छापणारा भाग जवळपास नवा होतो. हे कार्ट्रिज म्हणजे आतून एचपीचं १२ए. दोन्ही एकाच घराण्यातली. त्यामुळे तालुक्याच्या गावातही ते रिफिल करणारा माणूस सापडतो. पानं मोजणारी चिप नाही, त्यामुळे काउंटर रीसेटची भानगड नाही. पूड भरून तो काही शे रुपयांत काम करून देतो. तीन-चार रिफिलनंतर पानाच्या एका बाजूला उभी काळी रेघ यायला लागली किंवा ठरावीक अंतरावर तोच ठिपका दिसायला लागला, तर दोष पुडीचा नसतो. ड्रम किंवा ब्लेड झिजलेलं असतं. तेव्हा नुसती पूड भरून घेण्यात अर्थ नाही, "ड्रम आणि ब्लेडसकट कर" असं सांगायचं.

ब्रदरमध्ये टोनर वेगळा, ड्रम वेगळा. टोनर संपला की फक्त टोनर घ्या, ड्रम तसाच राहतो. तत्त्वतः हे स्वस्त. पण खरेदीच्या दिवशी ड्रमची किंमत कोणी विचारत नाही, आणि काही वर्षांनी 'रिप्लेस ड्रम' आलं की प्रिंटरच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो. म्हणून हिशेब असा मांडायचा: टोनरची किंमत भागिले २६००, अधिक ड्रमची किंमत भागिले १२,०००. समजा टोनर २६०० रुपयांना आणि ड्रम ४८०० रुपयांना मिळाला (आकडे निव्वळ सोयीचे धरलेत, चालू भाव तुमचे तुम्ही बघा), तर पानामागे एक रुपया अधिक चाळीस पैसे. कागद वेगळा. कॅननचा हिशेब एकाच भागाकाराचा: कार्ट्रिज भागिले २०००.

आता तुमचा वापर यात घाला. दर तीन महिन्यांना एक रीम, म्हणजे वर्षाला २००० पानं, हा मुलं शाळेत असलेल्या घराचा बऱ्यापैकी भरलेला वापर झाला. अशा घरात कॅननला वर्षाला एक कार्ट्रिज लागेल आणि दर वर्षी ड्रम ताजा मिळेल. ब्रदरचा टोनर सव्वा वर्ष जाईल आणि ड्रमची पाळी कागदोपत्री सहा वर्षांनी येईल. कागदोपत्री म्हणण्याचं कारण, एकेक पान सुटं काढलं की सुरू होताना आणि थांबताना ड्रम फुकटचा फिरतो. सलग पन्नास पानं काढली की तेवढा फिरत नाही. घरी आपण सुटी पानंच काढतो.

पानांचे हे आकडे येतात कुठून? काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ नावाचं मानक आहे. त्यात ठरलेलं एकच चाचणी-पान सतत छापून मोजणी होते. ते पान साधारण पाच टक्के काळं असतं, म्हणजे मोकळं मोकळं पत्र. तुम्ही दहा टक्के काळी पानं काढलीत तर २६०० ची १३०० होणार, आणि आधार कार्डाची किंवा पासबुकाची झेरॉक्स स्कॅन करून छापली, करड्या पार्श्वभूमीसकट, तर त्याहून कमी. हा आकडा वजनकाट्यासारखा वापरावा: दोन प्रिंटरची तुलना करायला उत्तम, स्वतःच्या घरातली पानं मोजायला नाही. ज्या माहितीपत्रकात पानांच्या आकड्याशेजारी १९७५२ लिहिलेलं नाही, त्यातला आकडा तुलनेत धरू नका.

याच ठिकाणी आणखी एक तळटीप शोधायची: खोक्यात येणारं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं आहे का? कॅननच्याच एलबीपी ६०३० बरोबर येणारं पहिलं कार्ट्रिज सुमारे ७०० पानांचं, आणि नंतर विकत घ्यायचं '९२५' नावाचं कार्ट्रिज मात्र १६०० पानांचं. अर्ध्याहून कमी. दोन प्रिंटरच्या किमतीत हजार-पंधराशेचा फरक असेल तर तो इथेच गडप होऊ शकतो. उलट उदाहरण एचपी लेझरजेट टँक १०२०डब्ल्यूचं. तो खोक्यातूनच सुमारे ५००० पानांची पूड भरून येतो, वायफाय आहे, आणि वरून टोनर ओतता येतो. महिन्याला तीन-चारशे पानं नक्की निघणार असतील तर या दोघांना सोडून त्याच्याकडे बघा. त्याहून कमी वापर असेल तर आधी भरलेल्या पुडीचे पैसे आज मोजून ती दोन-तीन वर्षं प्रिंटरमध्येच पडून राहणार.

वेगाचं थोडक्यात. मिनिटाला १२ आणि ३० हा फरक कागदावर अडीचपट आहे, पण घरी एका वेळी एक-दोन पानं निघतात. तिथे 'पहिलं पान बाहेर पडायला लागणारा वेळ' महत्त्वाचा, आणि त्यात दोघंही दहा सेकंदांच्या आत आहेत. परदेशी वेबसाइटवरचा वेग वाचत असाल तर तो लेटर आकाराच्या कागदावरचा असू शकतो. लेटर ए४ पेक्षा आखूड, त्यामुळे आकडा एखाद्या पानाने फुगतो. एचपी लेझर १०८ए ए४ वर २० आणि लेटरवर २१ देतो, एवढंच त्यातलं रहस्य.

महिन्याच्या क्षमतेचा, म्हणजे ड्यूटी सायकलचा आकडा हा तर कमाल ताणाचा आकडा. त्याच १०८ए चं उदाहरण घ्या: महिन्याला १०,००० पानं, आणि त्याच पत्रकात दोन ओळी खाली शिफारस १०० ते १५०० पानांची. दुकानदार पहिला वाचतो, आपण दुसरा वाचायचा.

डीपीआय बद्दल बोलायचं तर २४०० गुणिले ६०० असं दोन्हीकडे दिसेल. दोन्हींचा पाया ६०० चाच आहे, बाकी कडा गुळगुळीत करण्याची करामत. मराठी मजकुराला ६०० भरपूर होतात. जोडाक्षरं आणि काना-मात्रा तुटतील का ही शंका बऱ्याच जणांना असते. हे दोन्ही प्रिंटर स्वतः अक्षर घडवत नाहीत. पान संगणकच चित्र म्हणून तयार करून पाठवतो. त्यामुळे युनिकोड असो की जुना श्रीलिपीचा फाँट, पडद्यावर नीट दिसतं ते कागदावर नीट येतं. याच कारणाने २ एमबी मेमरीत कॅननचं भागतं, आणि याच कारणाने ड्रायव्हर (संगणकावर बसवायचं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) नसेल तर प्रिंटर म्हणजे नुसता ठोकळा.

ड्रायव्हर मात्र खरेदीआधी तपासायची गोष्ट आहे, नंतर नाही. कॅनन 'कॅप्ट' नावाची स्वतःची भाषा वापरतो. विंडोजवर तो सुखाने चालतो. लिनक्सवर कॅप्ट बसवताना घाम फुटतो, तिथे ब्रदर बराच सोपा. लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायच्या डेब आणि आरपीएम या दोन्ही प्रकारच्या फाइल्स कंपनी देते. मॅकवाल्यांनी आणि स्नॅपड्रॅगनच्या नव्या विंडोज लॅपटॉपवाल्यांनी तर ड्रायव्हरची यादी बघितल्याशिवाय पैसे काढूच नयेत. इंटेलसाठीचा प्रिंटर ड्रायव्हर आर्मवर, म्हणजे स्नॅपड्रॅगनसारख्या प्रोसेसरवर, चालत नाही. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर सपोर्ट, मग मॉडेल, मग डाउनलोड या वाटेने मिळते. आपलं ऑपरेटिंग सिस्टिम निवडलं आणि पुढे 'ड्रायव्हर उपलब्ध नाही' आलं, तर शोध तिथेच थांबला.

त्याच पानावर वापरपुस्तिका असते, आणि माझ्या मते तीच खरी माहिती. जाहिरातीच्या पत्रकात दोन पानं, पुस्तिकेच्या शेवटी परिशिष्टात चार-पाच पानं तपशील. कागदाचं वजन तिथेच सापडतं. ब्रदरचा ड्रॉवर ६० ते १०५ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) घेतो, पुढची एकेक कागदाची फट १६३ पर्यंत. आपला रोजचा ७५ जीएसएमचा कागद कुठेही चालेल. जाड कार्डशीट किंवा स्टँप पेपर फटीतून द्यायचा आणि मागचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे कागद न वळता सरळ बाहेर पडतो. कॅननचा पुढचा ट्रेच १६३ पर्यंत घेतो, ही त्याची जमेची बाजू. पण तो उघडा असल्याने कागदावर धूळ बसते. आणि कोकणात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर पडलेला कागद ओल धरून वाकडा होतो आणि अडकतो. बहुतेक प्रिंटरच्या परिशिष्टात चालण्यासाठीची आर्द्रता २० ते ८० टक्के दिलेली असते. रत्नागिरीचा पावसाळा या हद्दीच्या बाहेर सहज जातो. तिथे ब्रदरचा बंद ड्रॉवर बरा, आणि रीम उघडली की उरलेली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी.

विजेचा तपशीलही परिशिष्टातच. टोनर कागदावर वितळवणारा फ्युजर तापताना क्षणभर मोठा भार खेचतो. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालू असताना प्रिंट दिली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसू शकतो. बऱ्याच पुस्तिकांत 'यूपीएसला जोडू नका' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या भागात भारनियमन नेहमीचं आहे आणि सेतू केंद्रासारखं काम आहे, तिथे हा मुद्दा पानामागच्या खर्चाच्या वर ठेवावा. तिथे कदाचित लेझरऐवजी इंक टँकच योग्य.

एक धोका परदेशातून येतो. अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा "तिकडे स्वस्त आहे, बॅगेत घालून आणतो" म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणा. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट घेतो, लेझर प्रिंटर तसा घेत नाही. तिकडचा ११०-१२० वाल्या फ्युजरचा असतो. टोनरची नावंही प्रदेशानुसार बदलतात. इकडे टीएन-२३६५ नावाने येणाऱ्या घराण्याचं अमेरिकेतलं नाव टीएन-६६०.

इथे विकल्या जाणाऱ्या प्रिंटरच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. २०१२ च्या आदेशापासून प्रिंटरना ही नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याकडून घेताना तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायला मिनिटही लागत नाही.

मग घ्यायचा कुठला? गावात रिफिलवाला आहे, विंडोज आहे, पाठपोटचं फारसं कौतुक नाही आणि मधूनच जाड कागद छापायचाय, तर कॅनन, आणि वेग विसरा. शाळा-कॉलेजच्या नोट्स, प्रोजेक्ट, वकिलीची कागदपत्रं अशी जाडजूड गठ्ठ्याची कामं असतील तर ब्रदर. आपोआप पाठपोट छपाईने कागद निम्मा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए४ वर पाठपोट छपाई स्वीकारल्यामुळे वकिलांना तर ती सोयच झाली आहे. मात्र बिल करायच्या आधी दुकानदाराकडून डीआर-२३६५ चा आजचा भाव लिहून घ्या. तो टाळाटाळ करायला लागला किंवा "ते लागतच नाही हो" म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.