हॉर्न वाजेना, म्हणून स्टिअरिंग उघडले

मुलीचे सासर अहमदाबादला असल्यामुळे बडोद्याहून आमच्या महिन्याकाठी दोन खेपा होतात. साठी उलटल्यावर एसटीची दगदग सोसेना, म्हणून २०२३ च्या दिवाळीआधी जुनी मोटार घेण्याचे ठरवले. द्रुतगती मार्गावर शंभराच्या वेगाने जायचे, तेव्हा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पुढे दोन्हीकडे एअरबॅग हव्यातच, एवढी एकच अट मी घातली होती.

हमरस्त्यालगतच्या एका दलालाने २०१९ चे वरचे मॉडेल ४ लाख ८० हजारांना दाखवले. ‘काका, आंख बंद करीने लई जाव,’ असे तो म्हणाला, तरी मी डोळे उघडे ठेवले होते. किल्ली फिरवताच एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि काही सेकंदांत विझला. यंत्रणा ठीक असली की तो असाच विझतो, हे मी वाचलेले होते. आपल्याला यातले कळते, या समजुतीत मी त्याच दिवशी बयाणा देऊन आलो.

सात महिन्यांनी हॉर्न अधूनमधून बंद पडू लागला. हॉर्नचे बटण आणि एअरबॅगचे झाकण एकच असल्याने नेहमीच्या मिस्त्रीने आधी बॅटरीची तार सोडवली, थोडा वेळ थांबून झाकण काढले आणि मला हाक मारली. घडी घातलेली पिशवी आणि ती फुगवणारा धातूचा डबा जिथे असायला हवा, तिथे स्पंजचा एक तुकडा कोंबलेला होता. पिवळ्या वेष्टणातल्या दोन तारांची टोके तांदळाच्या दाण्याएवढ्या रेझिस्टरला जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. यंत्रणा दिवा विझवण्यापूर्वी तारांमधला विद्युत रोध मोजते, आणि हा रेझिस्टर तेवढाच रोध दाखवतो. थोडक्यात, पिशवी आहे की नाही हे दिव्याला ठाऊकच नसते. सौ. ज्या बाजूला बसते, तिथल्या डॅशबोर्डमागेही हाच प्रकार निघाला. चालकाचा पट्टा ओढताना अडखळत असे, ते मी जुनेपणावर घातले होते. प्रत्यक्षात धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट आवळणारी त्यातली यंत्रणाही पूर्वीच्या अपघातात उडून गेली होती. आदल्याच महिन्यात जांबुवाच्या पुलाअलीकडे दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकमागे मी कसाबसा ब्रेक दाबून थांबलो होतो.

मला सर्वांत लाज वाटते ती विम्याच्या कागदाची. सलग चार वर्षे दावा न केलेल्या मालकाला मोटारीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सवलत मिळते. माझ्या हाती दिलेल्या पॉलिसीवर तो रकाना शून्य होता, आणि मी मात्र मुदत पाहून कागद घडी केला. पुढची काच इतर काचांपेक्षा वेगळ्या कंपनीची, म्हणजे बदललेली होती, तीही मी रोज पुसत होतो. मोटारीचा नंबर दिल्यावर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने दहा मिनिटांत सांगितले की २०२२ मध्ये समोरून धडकलेली ही मोटार त्यांच्याकडे आली होती, पण दुरुस्तीचा अंदाज पाहून मालक ती परत घेऊन गेला. हा प्रश्न बयाण्याआधी विचारायला मला एक रुपयाही लागला नसता. दलालाने दाखवलेले पंचतारांकित सुरक्षेचे पत्रकही नंतरच्या सुधारित मॉडेलचे निघाले.

दोन्ही पिशव्या, पट्टे आणि एअरबॅगचा नियंत्रक बदलायचा अंदाज सव्वा लाखाच्या वर गेला. दलालाकडे गेलो, तेव्हा त्याने पावतीवरील ‘जेम छे तेम’ या शब्दांखालची माझी सही दाखवली. मोटार ‘जशी आहे तशी’ म्हणजे काढलेल्या एअरबॅग लपवलेली, असा अर्थ होत नाही, हे मी जिल्हा ग्राहक आयोगापुढील तक्रारीत लिहिले आहे. झाकण उघडतानाचे फोटो आणि मिस्त्रीचा लेखी जबाबही सोबत जोडला आहे. रेझिस्टर मात्र मी काढू दिला नाही, कारण तोच पुरावा आहे, आणि तेव्हापासून मोटार हमरस्त्यावर नेलेली नाही.

दलालाचा लेखी खुलासा गेल्या आठवड्यात मिळाला. त्यात म्हटले आहे की ग्राहकाने एअरबॅगचा दिवा स्वतः तपासून समाधान व्यक्त केले होते.