चालू डिस्कवर रिकव्हरीचं बिल: जुनी आयडीई हार्डडिस्क दुकानात देण्याआधी

एका डीटीपीवाल्याच्या २००५ सालच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. आत ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क (रुंद, चपट्या केबलने जोडायचा जुना प्रकार), विंडोज एक्सपी, आणि लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळी अंकांच्या जाहिराती असं वर्षानुवर्षांचं ५८ जीबी काम. नव्या कॉम्प्युटरला ही डिस्क लागेना, म्हणून ती दुकानात गेली. काउंटरवर केबल लावून दाखवली, ‘डिस्क डेड आहे, रिकव्हरी करावी लागेल’ असं सांगितलं आणि साडेनऊ हजार घेतले. मराठी फाइल्स उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसली, तेव्हा ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून आणखी दोन हजार. डेटा दिला एक टीबीच्या पेनड्राईव्हवर. महिन्याभरात कळलं की निम्म्या फाइल्स उघडतच नाहीत. डिस्क मात्र पहिल्या दिवसापासून धडधाकट होती.

चांगली डिस्क ‘डेड’ आहे असं दाखवायला काहीच लागत नाही. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबीतून मिळतात फक्त ५. आयडीई डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या कन्व्हर्टरसोबत येणारा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर न लावता नुसती यूएसबी जोडली, तर कोणतीही चांगली साडेतीन इंची डिस्क मेल्यासारखीच पडून राहते. काउंटरवर पहिलं लक्ष मोलेक्स पिनेकडे, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या चार वायरींच्या प्लगकडे द्या: पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. डिस्कवर हात ठेवल्यावर ती फिरल्याचं जाणवायला हवं.

फिरते पण विंडोजमध्ये दिसत नाही, तर जंपर पाहा, म्हणजे डिस्कच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी. एका केबलवर दोन डिस्क चालाव्यात म्हणून आयडीईमध्ये मास्टर आणि स्लेव्ह अशी विभागणी असायची. डीटीपीवाल्याची डिस्क स्लेव्हवर होती, आणि बहुतेक कन्व्हर्टरना डिस्क मास्टरवर लागते. जंपर कुठे बसवायचा ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कना ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. तिथे एकटीसाठीची निवडा. काही जुन्या डिस्कवर क्षमता ३२ जीबीपुरती मर्यादित करणाराही जंपर असतो. तो राहून गेला की ८० ची डिस्क ३२ ची दिसते आणि ‘अर्धी डिस्क खराब’ असं ऐकवलं जातं.

लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि वीज त्यांतूनच जाते. कनेक्टर एक रांग सरकून बसला, तर ५ व्होल्ट भलत्या पिनेवर जातात आणि सर्किट बोर्ड जळू शकतो. जंपरच्या चार पिना मोकळ्या सोडून, उरलेल्या ४४ वर नीट पाहून बसवा. ही चूक दुकानात झाली, तर डिस्क ‘आधीच गेलेली’ ठरते. म्हणून आत नेण्याआधी आपल्यासमोर लावायला सांगायचं.

इंटेलने २००६ मध्ये आयसीएच-८ या चिपपासून डेस्कटॉप मदरबोर्डांच्या चिपसेटमधली आयडीईची सोय काढली. आता नव्या मशिनला मधे कन्व्हर्टर लागतोच. अ‍ॅडाप्टरसकट यूएसबी कन्व्हर्टर साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. आयडीई-साटा पट्टी (साटा म्हणजे आयडीईनंतरची नवी जोडणी) घेताना दिशा विचारा: जुनी डिस्क नव्या बोर्डाला जोडणारी आणि नवी डिस्क जुन्या बोर्डाला जोडणारी, या दोन्ही दिसायला सारख्याच असतात. एका कन्व्हर्टरचा पॉवर अ‍ॅडाप्टर दुसऱ्याला लावू नका. गोल चार पिनांच्या प्लगमध्ये १२ आणि ५ व्होल्टच्या जागा कंपनीगणिक बदलतात. उलट लागले की डिस्क खरोखरच जाते.

डिस्क दिसली की विंडोज कधी फॉरमॅट करायला सांगतं, कधी दुरुस्त करायला. दोन्हींना नकार द्या. आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, एका फाइलमध्ये घ्या. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले, तर ८० जीबीला पाऊण तास लागतो. यापुढे सगळी खटपट इमेजच्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर नाही. टिकटिक आवाज येत असेल, जळल्याचा वास असेल किंवा १२ व्होल्ट देऊनही डिस्क फिरत नसेल, तर लगेच थांबा. ते काम खऱ्या रिकव्हरी लॅबचं आहे, आणि तिथेही कोणी काउंटरवरच झाकण उघडायला लागला तर डिस्क परत घ्या.

जुन्या युजरचं फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं येतं. एक्सपीतल्या खात्याची मालकी त्या फोल्डरवर राहिलेली असते, एवढंच त्याचं कारण. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन मालक बदला. याला रिकव्हरी म्हणत नाहीत. फाइलचं नाव हिरवं दिसत असेल, तर मात्र ती एन्क्रिप्ट केलेली आहे आणि जुन्या खात्याची किल्ली लागते.

‘करप्ट’ मराठी फाइल्ससाठी घेतलेले पैसे मला सगळ्यांत जास्त खटकतात. श्री-लिपी, आकृती अशा युनिकोडआधीच्या (आजची सगळीकडे चालणारी मराठी येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की तीच फाइल रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दाखवते, पण मजकूर जागच्या जागी असतो. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर उचला, तोच फॉन्ट नव्या मशिनवर टाका, मजकूर निवडून त्याला तो लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

पेनड्राईव्हचा प्रकार याहून वाईट. आतली चिप ३२ जीबीची, पण ती चालवणारा कंट्रोलर कॉम्प्युटरला एक टीबी सांगतो. फाइल्सची यादी ड्राईव्हच्या सुरुवातीला लिहिली जाते, त्यामुळे सगळी नावं आणि आकार नीट दिसतात. खऱ्या क्षमतेपलीकडचा मजकूर मात्र कुठेच उतरलेला नसतो. नवा ड्राईव्ह रिकामा असतानाच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून पूर्ण भरून तपासा. कॉपी झाल्यावर यादीच्या शेवटच्या टोकाच्या २० मोठ्या फाइल्स उघडून पाहा, आणि मगच पैसे द्या.

या डीटीपीवाल्याने मूळ डिस्क परत मागून घेतली होती, त्यामुळे तो वाचला. जंपर मास्टरवर आणला, १२ व्होल्ट दिले, इमेज घेतली. डिस्कचा एकही सेक्टर (डेटा साठवण्याचा कप्पा) चुकला नाही. मूळ डिस्क ‘स्क्रॅपला गेली’ असं उत्तर ज्यांना मिळतं, त्यांच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून डिस्क देताना पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर आणि ‘डिस्क परत देणे’ असं लिहून घ्या, लेबलचा फोटो काढा.

फसलाच असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बिल लागेल, आणि तो पेनड्राईव्हही. त्यावर तपासणीचं सॉफ्टवेअर चालवू नका, काही लिहू नका. न उघडणाऱ्या फाइल्सचा व्हिडिओ काढा आणि ड्राईव्ह आहे तसाच पाकिटात बंद करून ठेवा.