थँक्सगिव्हिंगवरची चार पुस्तकं: अकरा महिने घरात वागवल्यावर

गेल्या ऑक्टोबरात लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली, थँक्सगिव्हिंगवर एक पान लिहून आणा. लेक तिसरीत. मी न्यू जर्सीत तेरा वर्षं काढली, दर नोव्हेंबरात चार दिवसांची सुट्टी बिनबोभाट उपभोगली, आणि या सणाबद्दल मला येत काय होतं? काळ्या टोप्यांची माणसं आणि डोक्यात पिसं खोवलेली माणसं एका टेबलाशी बसून टर्की खातात, बस्स. लाज वाटली. मग तीन पुस्तकं नवी मागवली आणि एक जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून. ‘जवळपास नवीन’ म्हणून विकलेल्या त्या प्रतीची पानं डिसेंबरातच हातात आली. ती आता रबरबँड लावून नांदतेय.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते कॅथरीन ओ'नील ग्रेस आणि मार्गरेट ब्रूशॅक यांचं ‘१६२१: अ न्यू लुक अ‍ॅट थँक्सगिव्हिंग’. २००१ चं, मुलांसाठीचं, पातळसं पुस्तक. यात चित्रं नाहीत, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथल्या संग्रहालयात १६२१ च्या त्या जेवणाचा प्रसंग उभा करून काढलेले फोटो आहेत. लेकीचा पहिला प्रश्न, ‘यांच्या टोपीला बकल का नाही?’ कारण ते बकल पुढच्या चित्रकारांनी चिकटवलेलं. माझ्या ज्ञानातली अर्धी भर तिथेच गेली.

खरा धक्का पुढे होता. त्या जेवणाचा प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेला पुरावा म्हणजे प्लिमथच्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो या इंग्रजाच्या ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रातला एक परिच्छेद. पीक घरात आलं, गव्हर्नरने चार माणसं पक्षी मारायला धाडली, वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं झालं, त्यांनी पाच हरणं मारून आणली. संपलं. टर्कीचं नाव नाही, या दिवसाला कुणी थँक्सगिव्हिंग म्हटल्याचंही नाही. आणि इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ पैकी जेमतेम निम्मे तेव्हा जिवंत होते, म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे जास्त! लेकीने पानावर पाच हरणं काढली. टर्की काढली नाही म्हणून वर्गात एकाशी वाद झाला, तो तिने जिंकला असं ती सांगते.

मग एवढ्याशा परिच्छेदाचा राष्ट्रीय सण झाला कसा? त्यासाठी जेम्स बेकर यांचं ‘थँक्सगिव्हिंग: द बायोग्राफी ऑफ अ‍ॅन अमेरिकन हॉलिडे’. बेकर प्लिमथच्याच संग्रहालयात संशोधन करत होते, त्यामुळे घरचाच माणूस घरच्या दंतकथेची चिरफाड करतोय अशी मजा आहे. प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचाराच्या इंग्रज प्रोटेस्टंट लोकांचा, थँक्सगिव्हिंग म्हणजे देवळात बसून प्रार्थनेचा दिवस. १६२१ च्या त्या खाण्यापिण्याशी त्याचा संबंध जोडला गेला तो थेट १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचं पत्र पुन्हा छापताना खाली तळटीप टाकली तेव्हा. तळटीप! आमच्या एम.ए.च्या सरांना हे कळलं असतं तर त्यांनी आम्हाला तळटिपांवरून आणखी छळलं असतं. पुढे सेरा हेल या संपादिकाबाई १८४६ पासून सतरा वर्षं राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिल्या, आणि ऐन यादवी युद्धात, ३ ऑक्टोबर १८६३ ला, लिंकनने जाहीरनामा काढला. (‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ याच बाईंचं. बालवाडीत घोकलं तेव्हा कुठे माहीत होतं.) रूझवेल्टने १९३९ मध्ये खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून सण आठवडाभर अलीकडे ओढला, निम्म्या राज्यांनी ऐकलं नाही, शेवटी १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने ठरला. पुस्तक मात्र जड आहे. झोपताना वाचायला घेतलं तर दोन पानांत झोप. सकाळी ट्रेनमध्ये घेतलं तर चांगलं जातं.

डेव्हिड सिल्व्हरमन यांचं ‘धिस लँड इज देअर लँड’ (२०१९) मी फेब्रुवारीत सुरू केलं आणि मे महिन्यात संपवलं. सणावर म्हणाल तर यात कमीच आहे. आहे ते वाम्पानोआग लोकांबद्दल. मॅसासॉइटने इंग्रजांशी तह केला तो प्रेमापोटी नव्हे. १६१६ ते १६१९ च्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती आणि पश्चिमेचे नॅरागॅन्सेट, म्हणजे त्यांची वैरी जमात, शाबूत होते. त्याच मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्येच खांबावर लावलं. हे पान वाचून मी पुस्तक आठवडाभर उघडलं नाही. १९७० पासून काही मूळनिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या टेकडीवर शोक पाळतात, तो का, हे यानंतर कुणाला विचारावं लागत नाही. मुलांच्या हातात इतक्यात देऊ नका.

चौथं पाककृतींचं, कॅथलीन कर्टिन आणि सँड्रा ऑलिव्हर यांचं ‘गिव्हिंग थँक्स’. उन्हाळ्यात आई आली होती, तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण हेच पुस्तक तिने सगळ्यात जास्त चाळलं. पंपकिन पाय तेव्हा नव्हता म्हटल्यावर तिचा लगेच प्रश्न, ‘अगं, गव्हाचं पीठ कुठून आणणार ते? लोणी तरी होतं का?’ नेमकं हेच कारण पुस्तकवाले देतात. लाल भोपळा मंद आचेवर तासन्‌तास शिजवून त्यात लोणी, व्हिनेगर आणि सुंठ घालायचा जुना प्रकार आम्ही करून पाहिला. सतराव्या शतकात जॉन जॉसलिन याने तो लिहून ठेवलाय. आईने एक चमचा चाखला, ‘आंबट कशाला केलं’ म्हणाली आणि गूळ घातला. आम्हाला जमलं ते भोपळ्याचं भरीतच. फ्रीझरमधल्या क्रॅनबेऱ्या पाहून तिला मात्र गावची करवंदं आठवली. मोहरीची डाळ, हिंग, मेथी घालून बरणीभर लोणचं घातलं, ते आजही पुरवून खातोय. पान ८० च्या आसपास हळदीचा अंगठा उमटलाय.

जुलैत प्लिमथलाही जाऊन आलो. मेफ्लॉवरची माणसं जिथे पहिल्यांदा उतरली म्हणतात तो प्रसिद्ध दगड पाहून नवरा म्हणाला, ‘एवढाच?’ मेफ्लॉवर आल्यानंतर साधारण एकशेवीस वर्षांनी, १७४१ मध्ये, एका चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याने ‘हाच तो’ म्हणून दाखवलेला दगड. आम्ही मान डोलावली आणि गर्दीत फोटो काढला.

एकच घ्यायचं तर मुलं असतील त्यांनी ‘१६२१’ घ्यावं, नसतील त्यांनी बेकर. सिल्व्हरमन लायब्ररीतून आणा, पण दोनदा मुदतवाढ घ्यायच्या तयारीने. माझा बेकर सध्या मंडळातल्या एका मैत्रिणीकडे आहे. दसऱ्यापर्यंत परत कर असं सांगून ठेवलंय. धाकटा यंदा दुसरीत गेला, त्यालाही पान लिहायचंय.