घर खरे होते, भाड्याने देणारा खोटा होता

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही सहा जण, म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आमची दोन मुले, बालीला गेलो. चांगू भागातील बेरावा येथे तीन शयनगृहांचा, स्वतंत्र जलतरण तलाव असलेला व्हिला आम्ही सहा रात्रींसाठी ठरवला होता आणि त्याचे पूर्ण भाडे पाच आठवडे आधीच भरले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास गाडी फाटकाशी थांबली, चालकाने सामान उतरवले, मी घंटा वाजवली, आणि दार उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मागे, त्याच तलावाच्या काठावर, एक अनोळखी कुटुंब जेवत बसलेले दिसले. व्हिलाच्या नोंदवहीत आमचे नाव त्या दिवशी नव्हते आणि पुढच्या कोणत्याही दिवशी नव्हते. घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण निघण्यापूर्वी आम्हीही असे अनुभव वाचले होते आणि आमच्या परीने सगळी खातरजमा केली होती. ती केली भलत्याच गोष्टीची, हे कळायला ते फाटक उघडावे लागले.

हा व्हिला आम्हाला आरक्षणाच्या एका मोठ्या संकेतस्थळावर दिसला. मी त्याचे नाव नकाशावर शोधले, तेव्हा जागा बरोबर सापडली आणि रस्त्यावरून घेतलेल्या छायाचित्रात तेच कोरीव दगडी फाटक दिसले. इतरत्र जुन्या पाहुण्यांचे पन्नासहून अधिक अभिप्राय होते आणि ते खऱ्या माणसांनीच लिहिलेले वाटत होते. कोणी पहाटेच्या कोंबड्यांची तक्रार केली होती, तर कोणी वरच्या न्हाणीघरात गरम पाणी पुरत नाही असे नोंदवले होते. समुद्रकिनारा चालत किती लांब आहे, हेही माझ्या पतींनी मोजून पाहिले. या सगळ्यातून एवढेच सिद्ध होत होते की असे घर आहे आणि ते चांगले आहे. ते घर आम्हाला देऊ करणाऱ्या माणसाचा त्या घराशी काही संबंध आहे का, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावर शयनगृह आहे का, असे मी संकेतस्थळावरूनच विचारले. तासाभरात उत्तर आले. शयनगृह आहे, न्हाणीघरात आधारासाठी दांडाही बसवून देऊ, असे त्यात लिहिले होते, आणि शेवटी एक दूरध्वनी क्रमांक होता. तो आकड्यांत नव्हता. ‘सिक्स टू एट वन’ असा शब्दांत लिहिलेला होता आणि मधे मधे विनाकारण जागा सोडलेली होती. मला ती त्या माणसाची लिहिण्याची लकब वाटली. संदेशात आकड्यांत लिहिलेला क्रमांक अशी संकेतस्थळे आपोआप झाकून टाकतात आणि ती अडवणूक चुकवण्यासाठीच तो शब्दांत लिहिला जातो, हे मला नंतर समजले. आमची फसवणूक प्रत्यक्षात त्या एका ओळीपासून सुरू झाली, कारण संकेतस्थळ सोडून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू लागलो आणि पाहुण्याला जे काही संरक्षण असते ते सगळे मागे राहिले.

तिथला माणूस स्वतःला व्यवस्थापक म्हणवत होता. बोलणे अत्यंत अदबीचे, कसलीही घाई नाही. संकेतस्थळावर सहा रात्रींचे २ कोटी ८२ लाख इंडोनेशियन रुपिया होत होते. थेट व्यवहार केल्यास दलाली वाचते, म्हणून २ कोटी ४० लाखांत देतो, असे त्याने सांगितले. दोन दिवसांनी, दुसरे एक कुटुंब त्याच तारखा मागत आहे, पण आपले बोलणे आधी झाल्यामुळे उद्या सकाळपर्यंत मी त्यांना थांबवले आहे, असा निरोप आला. हे दडपण आहे हे मला तेव्हा जाणवले नाही, उलट त्याचे उपकार वाटले. पैसे मात्र डॉलरमध्ये आणि तिसऱ्याच देशातील एका बँक खात्यात पाठवायचे होते, आणि खाते व्हिलाच्या नावावर नसून एका व्यक्तीच्या नावावर होते. त्याबद्दल पतींनी विचारले, तेव्हा मालक परदेशी आहेत, असे उत्तर मिळाले.

ते उत्तर पटण्यासारखे होते, आणि ते का पटते हे बालीला जाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते. इंडोनेशियात परदेशी नागरिकाला जमिनीची पूर्ण मालकी, ज्याला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, मिळत नाही. त्यामुळे परदेशी माणसे पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घेतात, तिच्यावर व्हिला बांधतात आणि तो चालवण्यासाठी एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडे सोपवतात. ती कंपनी पुढे आणखी दोन-तीन मध्यस्थांना आरक्षणे घेऊ देते. जमीन एकाची, पट्टा दुसऱ्याचा, किल्ल्या तिसऱ्याकडे आणि जाहिरात चौथ्याची, ही तिथली रोजची आणि पूर्णपणे प्रामाणिक व्यवस्था आहे. एकच व्हिला वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या दरांनी दिसला तरी त्यात वावगे काही असेलच असे नाही. पण या साखळीत एक खोटी कडी घुसली तर ती बाहेरच्या माणसाला ओळखू येत नाही. आमचा माणूस असा त्या साखळीच्या बाहेरून येऊन बसला होता.

निम्मी रक्कम आम्ही लगेच आणि उरलेली आठवडाभराने पाठवली. दर वेळी व्हिलाचे बोधचिन्ह आणि शिक्का असलेली पावती येत होती. त्यानंतर मोडतोडीपोटी ३० लाख रुपियांची अनामत रक्कम मागितली गेली, जी निघताना परत मिळणार होती. तीही आम्ही पाठवली. शेवटी त्याने लिहिले की बालीत आता प्रत्येक परदेशी पर्यटकाला कर भरावा लागतो, माणशी अडीच लाख रुपिया, आणि विमानतळावर रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून तो मीच भरून ठेवतो. सहा जणांचे १५ लाख झाले. एकूण हिशोब २ कोटी ८५ लाखांवर गेला, म्हणजे संकेतस्थळावरच्या ज्या दरातून वाचण्यासाठी आम्ही थेट व्यवहार केला होता, त्याहूनही तीन लाख जास्त. ही बेरीज मी घरी परतल्यावर पहिल्यांदा केली.

असा कर खरोखरच आहे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीचे प्रांतिक सरकार परदेशी पर्यटकांकडून तो घेते. मात्र तो माणशी दीड लाख रुपिया आहे, सरकारच्या स्वतःच्या ‘लव्ह बाली’ या संकेतस्थळावर तो प्रवाशाला स्वतः भरता येतो आणि त्याची क्यूआर संकेत असलेली पावती प्रवाशाच्याच ईमेलवर येते. बालीच्या न्गुराह राय विमानतळावर उतरल्यावर मी आमच्या पावतीचे चित्र तिथल्या खिडकीवर दाखवले, तेव्हा तिथल्या तरुणीने ते दोनदा मोठे करून पाहिले आणि ही पावती आमच्या कार्यालयाची नाही, असे अगदी हलक्या आवाजात सांगितले. सहा जणांचे नऊ लाख आम्ही तिथे पुन्हा भरले. त्या वेळीच सावध होऊन व्यवस्थापकाला फोन करायला हवा होता. मी केलाही, पण फोन लागला नाही. रात्र झाली आहे, झोपला असेल, अशी स्वतःची समजूत घालून आम्ही गाडीत बसलो.

फाटकावर जे झाले ते आठवले की आजही मन घट्ट करावे लागते. सासूबाई उभ्या राहू शकत नव्हत्या. त्या बॅगेवर बसल्या आणि धाकट्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. तिथला कर्मचारी आम्हाला हाकलून देऊ शकला असता. त्याने आधी पाणी आणले, मग माझ्या फोनवरची छायाचित्रे एकेक करून पाहिली. तलावाच्या छायाचित्रावर तो थांबला. त्यात तलावाच्या डाव्या कोपऱ्यात पाण्यावर झुकलेले पांढऱ्या चाफ्याचे झाड होते आणि पाण्यावर चार-पाच फुले पडलेली होती. त्याने आम्हाला दोन पावले आत घेतले आणि तो कोपरा दाखवला. तिथे झाड नव्हते, फरशीत एक गोल ठिगळ होते. मुळांनी तलावाची भिंत तडकू लागली म्हणून झाड दोन वर्षांपूर्वी काढले, असे त्याने सांगितले. म्हणजे त्या ठकाने कोणाच्या तरी जुन्या जाहिरातीतील छायाचित्रे उचलली होती. आणि तशाच कागदांसह फाटकावर आलेले आम्ही पहिले नव्हतो. मे महिन्यात एक जोडपे येऊन गेले होते.

जुलै-ऑगस्ट हा तिथला गर्दीचा हंगाम. मध्यरात्रीनंतर सेमिन्याकमधील एका छोट्या अतिथिगृहात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, त्याही त्याच कर्मचाऱ्याने चार ठिकाणी फोन केल्यामुळे. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार नोंदवली. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि लेखी पोच दिली, परंतु खाते इंडोनेशियात नसल्यामुळे त्यांच्या हातात फारसे काही नव्हते. बँकेने रक्कम परत मागवणारा संदेश समोरच्या बँकेला पाठवला. असा संदेश ही केवळ विनंती असते, आणि साधारणपणे खातेदाराची संमती असेल व खात्यात पैसे शिल्लक असतील तरच रक्कम परत येते. खाते कधीच रिकामे झाले होते. हेच पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते, तर सेवा मिळाली नाही म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद दाखल करता आला असता आणि त्यासाठी बहुतेक वेळा १२० दिवसांची मुदतही मिळते. आम्ही आपणहून, आमच्या सहीने पैसे पाठवले होते, त्यामुळे प्रवास विम्यातूनही काही मिळाले नाही.

अतिथिगृहात भेटलेल्या एका बाईंना वेगळाच अनुभव आला होता. त्यांचा व्हिला खरा होता आणि आरक्षणही खरे होते, पण पोहोचण्याच्या दिवशी पाण्याची वाहिनी फुटली आहे असे सांगून त्यांना मुख्य रस्त्यापासून लांबच्या, शेजारी बांधकाम चालू असलेल्या घरात नेले गेले. त्यांनी आरक्षण संकेतस्थळावरूनच केले होते, म्हणून पोहोचताच छायाचित्रे काढून तिथे तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम परत मिळवली. त्यांचे बोलणे ऐकताना आमची चूक मला सर्वांत स्पष्ट दिसली.

आता मी व्हिला ठरवते तेव्हा तो माणूस त्या घराच्या आत उभा आहे का, एवढेच आधी तपासते. चित्रफीत पाठवू नका, आता लगेच व्हिडिओ कॉल करा, फाटकापासून चालत तलावापर्यंत या आणि वाटेत स्वयंपाकघराचे दार उघडून दाखवा, असे मी सांगते. खरा व्यवस्थापक थोडा वैतागतो, पण करतो. आमच्या माणसाला मी असे एकदा म्हटले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. नकाशावर व्हिलाच्या नावाखाली जो दूरध्वनी असतो, त्यावर स्वतंत्रपणे फोन करून आमच्या नावाची नोंद आहे का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. इंडोनेशियात रीतसर व्यवसाय करणाऱ्याकडे एनआयबी नावाचा १३ अंकी नोंदणी क्रमांक असतो; तो मागितल्यावर विषय बदलला जात असेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. छायाचित्र प्रतिमा-शोधात टाकून ते आणखी कुठे आहे हे मी पाहते, पण त्यावर विसंबत नाही, कारण आमची छायाचित्रे खऱ्याच घराची होती. आणि दर कितीही उतरवून मिळत असला तरी ज्या संकेतस्थळावर घर पाहिले त्याच्या बाहेर मी पैसे देत नाही.

घरी आल्यावर त्या जाहिरातीची तक्रार मी सगळे पुरावे जोडून केली आणि चार दिवसांत ती काढून टाकली गेली. सप्टेंबरमध्ये तीच छायाचित्रे दुसऱ्या नावाखाली पुन्हा दिसली. मी पुन्हा तक्रार केली, ती पुन्हा काढून टाकली गेली. गेल्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा आली आहेत. आता व्हिलाचा पत्ता बेरावाऐवजी उलुवातूचा दिला आहे आणि दर आणखी कमी केला आहे. पहिलेच छायाचित्र तलावाचे आहे. निळ्या-हिरव्या फरशा, डाव्या कोपऱ्यात पाण्यावर झुकलेला पांढरा चाफा, पाण्यावर पडलेली फुले. हे चित्र कोणाला दिसले, तर पैसे पाठवू नका आणि त्याच क्षणी त्या जाहिरातीची तक्रार करा. ते झाड तिथे नाही.