१०९८ ही मुलांची मदतवाहिनी: वापरून पाहिल्यानंतर

मध्य रेल्वेच्या एका मोठ्या स्थानकावर रात्री साडेदहाच्या सुमारास पाण्याच्या नळापाशी बसलेला तो मुलगा अकरा-बारा वर्षांचा असावा. चेन तुटलेल्या दप्तरात शाळेचा गणवेश आणि बिस्किटांचा अर्धा पुडा होता, आणि गाडीची घोषणा झाली की तो दप्तर छातीशी धरून उभा राही. जवळच उभ्या असलेल्या एका गणवेशातील गृहस्थांना सांगितले, तेव्हा ‘ही पोरं रोजचीच’ एवढेच उत्तर मिळाले. मग मी १०९८ लावला.

फोन घेणाऱ्या बाईंनी माझी चौकशी नंतर केली. मूल जखमी आहे का, सोबत कोणी मोठे माणूस आहे का आणि आमची माणसे येईपर्यंत तुम्ही थांबू शकाल का, हे त्यांनी आधी विचारले. त्याला स्वतःच्या घरी नेऊ नका, हेही बजावले. आलेली कार्यकर्ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि नाव-गाव विचारण्याआधी ‘जेवलास का?’ म्हणाली. या सेवेला मी चांगले गुण देते ते मुख्यतः या एका प्रश्नासाठी.

ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली. फोन निःशुल्क असतो आणि चोवीस तास लागतो. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पाठ व्हावा असा ‘दस-नौ-आठ’ हा आकडा आहे, मात्र फुकट फोन लावू देणारे पीसीओ गेल्यावर मुलाने तो लावायचा कुठून, हा प्रश्न उरतोच. २०२३ पासून केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तिची सूत्रे हाती घेऊन ती टप्प्याटप्प्याने ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली.

फोन करणे हा निव्वळ भलेपणा नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांत त्याची खबर देणे बंधनकारक आहे. ती न देणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंडाचा गुन्हा ठरतो. मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. (मुलाचा फोटो काढून तो गटागटांत फिरवणाऱ्या सज्जनांनी याच कायद्याचे ओळख उघड करण्याविषयीचे कलम ७४ जरूर वाचावे.)

परंतु ही सेवा उत्तम चालते ती एकट्या मुलासाठी. आमच्या चौकातल्या सिग्नलवर गजरे विकणारी नऊ वर्षांची मुलगी एकटी नाही. तिची आई दुभाजकावर बसून ते गजरे ओवते. मी त्या क्रमांकाचा विषय काढताच तिची आई म्हणाली, ‘ताई, फोन नका करू, पोरीला गाडीत घालून नेतील.’ मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे कायदाच म्हणतो; तरी पदपथावर पोचली आहे ती गाडीची भीती, ते कलम नव्हे. अशा मुलीला सुटकेपेक्षा शाळा, पाण्याचा नळ आणि रात्री निजण्यापुरती सुरक्षित जागा हवी असते, आणि ती मिळवून देणारा कोणताही तीन-चार आकडी क्रमांक मला सापडलेला नाही.

त्यामुळे तिच्यासाठी मी फोन केला नाही. जवळच्या एका शाळेत तिघी मिळून गेलो. जन्मदाखला नाही म्हणून आधी नकार मिळाला. त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ छापील दाखवल्यावर नाव लागले, तेही पहिलीत. वयानुरूप वर्ग देण्याविषयीचे कलम ४ आता दप्तरात घेऊन सोमवारी पुन्हा जायचे आहे.